भीतीची उधारी

१९७७-७८ च्या सुमाराची गोष्ट. वसईकडच्या आमच्या गावात वीज आलेली होती, पण ती पाहुण्यासारखी यायची आणि न सांगता निघून जायची. घर वाडीत. मागे विहीर, विहिरीपलीकडे केळीची बाग आणि बागेच्या कडेला जुना पिंपळ. वारा सुटला की केळीची फाटकी पाने एकमेकांवर घासत आणि कुणीतरी ओलेत्या लुगड्याने चालत येत असल्यासारखा आवाज येई. अशा घरात कंदील उशाशी घेऊन मी नारायण धारप वाचत असे. वाचनालयातून आणलेल्या त्या पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने रात्री वाचू नये अशी सूचना लिहून ठेवली होती. तिच्याखाली दुसऱ्या अक्षरात आणि तिसऱ्या अक्षरात सह्या होत्या. म्हणजे सूचना तिघांना मान्य होती आणि तिघांनीही ती मोडली होती.

मीही मोडली. रात्री साडेबाराला परसात जायची वेळ आली तेव्हा वडिलांना उठवावे लागले. वडील बॅटरी घेऊन आले, विहिरीपर्यंत सोबत चालले आणि परतताना त्यांनी एकच चौकशी केली, ती पुस्तक संपले का याची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुस्तक त्यांच्या हातात होते.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत असे झाले असणार. आई मुलापासून पुस्तक लपवते आणि दुपारी स्वतः वाचते. मुलगी ते गणिताच्या वहीत घालून वाचते. धाकटा भाऊ वाचता येत नसले तरी मुखपृष्ठ पाहून घाबरतो. तीन पिढ्यांना असे हौसेने घाबरवणाऱ्या या लेखकाच्या जन्माला २०२५ मध्ये शंभर वर्षे झाली. शताब्दीच्या निमित्ताने त्यांच्याकडे पुन्हा पाहावेसे वाटते. मी पेशाने बँकेतला माणूस, त्यामुळे पाहताना थोडा हिशेबही मांडणार आहे.

नारायण गोपाळ धारप यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा. शिक्षण विज्ञानाचे, मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. (टेक) ही त्यांची पदवी. नोकरीच्या निमित्ताने काही काळ आफ्रिकेत राहणे झाले आणि पुढे त्यांचे नाव पुण्याशी जोडले गेले ते कायमचे. त्यांच्या बाह्य आयुष्यात भयकथेला शोभेल असे काही नाही. पडका वाडा नाही, स्मशानातली साधना नाही, दाढीजटा नाहीत. शिकलेला, पोटापाण्याच्या उद्योगातला, चारचौघांसारखा मध्यमवर्गीय मराठी माणूस टेबलाशी बसून एकामागून एक पुस्तके लिहीत गेला. ती शंभराच्या पलीकडे गेली.

ज्या माणसाने प्रयोगशाळेत पदार्थ मोजले, उकळले, गाळले, तोच भुताखेतांकडे वळतो याचे अनेकांना नवल वाटते. मला उलट वाटते. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कुठलाही बदल अकारण होत नाही. प्रमाण चुकले की स्फोट होतो आणि प्रमाण सांभाळले की तोच पदार्थ औषध ठरतो. धारपांच्या कथेतली भीती अशी प्रमाणशीर असते. आधी घर येते. घरातली माणसे, त्यांचे पगार, त्यांच्या कुरबुरी, संध्याकाळचा चहा येतो. मग एखादा वास येतो, ज्याचा उगम सापडत नाही. मग भिंतीला हात लावला तर ती जरा जास्त गार लागते. भूत दिसायला अजून पुष्कळ पाने असतात, पण वाचणाऱ्याने पाय पांघरुणात ओढून घेतलेले असतात.

धारप डोळ्यांपेक्षा नाकाला आणि कातडीला भिववतात. ओशट, बुळबुळीत, कुबट असे शब्द त्यांच्याइतक्या नेमकेपणाने थोड्यांनीच वापरले असतील. त्यातला कुठलाही शब्द संस्कृतातून उसना आणलेला नाही. सगळे स्वयंपाकघरातले, मोरीतले, पावसाळ्यातल्या दमट कपाटातले. म्हणूनच ते अंगाला चिकटतात. त्यांच्या एका कादंबरीचे नाव ‘४४० चंदनवाडी’. हा साधा पत्ता आहे. पोस्टमन पत्र टाकून जाईल असा. भीतीला घर क्रमांक दिला की ती किती जवळ येते!

त्यांच्या आधी आपल्याकडे भुते नव्हती असे नाही. फार होती. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा पिंपळावर. बाळंतपणात गेली ती हडळ. इच्छा अपुरी राहून गेला तो समंध. पाण्यात बुडाला तो गिऱ्हा होऊन नदीनाल्यावर माणसांना चकवणार. वेताळाचा तर मान वेगळाच. कोकणात गावोगावी त्याची देवळे आहेत आणि रात्री तो गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे. ही यादी नीट पाहिली तर तिच्यात एक सूत्र दिसते. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही सगळी बंद न झालेली खाती आहेत. आयुष्याकडून काहीतरी येणे राहिले आणि ते वसूल व्हायच्या आत माणूस गेला. आजीने सांगितलेली भुते भीतीदायक असत, पण त्यांची कीवही येई. ती आपल्याच घरातली, आपल्याच अन्यायाने तयार झालेली असत.

छापील मराठीतही अद्भुत फार जुने आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘वेताळ पंचविशी’ मराठीत आणली ती १८३० मध्ये. म्हणजे मराठी गद्य अजून अडखळत चालत होते तेव्हाच राजाच्या खांद्यावर प्रेत बसलेले होते. पुढे आपल्या कादंबरीने वाडे, भुयारे, गुप्त दरवाजे यांचा पुष्कळ खेळ केला. विसाव्या शतकात बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून वाचनाचे वेडच लावले. आमच्या या किनाऱ्यावरच्या अर्नाळ्याचे नाव त्यांच्या टोपणनावात होते, याचा आम्हा वसई-विरारकरांना भारी अभिमान. पण रहस्यकथेत शेवटी चोर सापडतो. दिवा लागतो आणि भूत म्हणून जे वाटले ते कुणाचे तरी कारस्थान निघते. धारपांनी दिवा लावला आणि तरीही ते तिथेच उभे होते असे दाखवले. हा मोठाच फरक होता.

तरीही त्यांनी वाचकाला अगदी निराधार सोडले नाही. त्यासाठी त्यांनी ‘समर्थ’ उभे केले. समर्थ हे धारपांच्या अनेक कथांचे नायक. शांत, अभ्यासू, अमानवी शक्तींशी झुंज देणारे आणि स्वतःचा बडेजाव न करणारे. त्यांच्या सोबतीला अप्पांसारखा साधा माणूस. होम्सजवळ जसे वॉटसन, तसे हे. आपण अप्पांच्या जागी उभे राहून भितो आणि समर्थ आले की सुटकेचा श्वास टाकतो. ‘समर्थ’ या नावात मराठी मनाला एक जुना धीर आहे. मनाचे श्लोक पाठ करत वाढलेल्या घरांना तो धीर वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता उधारीची गोष्ट काढायला हवी. धारपांवर प्रेम करणाऱ्यांना ती अवघड वाटते, पण ती टाळून त्यांचे आयुष्य सांगता येत नाही.

धारपांनी इंग्रजीतून पुष्कळ घेतले. त्यांची ‘लुचाई’ ही स्टीफन किंगच्या १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे. ‘शपथ’ ही त्याच लेखकाच्या १९८६ च्या ‘इट’वर. ‘आजी’ या कथेचे मूळ किंगच्याच ‘ग्रॅमा’ या कथेत सापडते. माणूस जन्मायच्या आधीपासून विश्वाच्या कोपऱ्यात दबा धरून बसलेल्या नामहीन शक्तींची कल्पना अमेरिकन लेखक लव्हक्राफ्टकडची. तिची छायाही धारपांवर आहे. हे कळले तेव्हा मला फसवले गेल्यासारखे वाटले होते. ज्याच्या पायी मी वडिलांना रात्री उठवले, तो माल दुसऱ्याच्या दुकानातला निघाला, असे काहीसे.

पण कर्जाच्या व्यवहारात आयुष्य गेल्यावर माणूस जरा थंडपणे विचार करू लागतो. कर्ज काढण्यात लाज नसते. प्रश्न दोनच असतात. कर्जाची नोंद आहे का, आणि घेतलेल्या पैशाचे काय केले.

पहिल्या प्रश्नावर सवलत देता येणार नाही. आज असे पुस्तक निघाले तर मूळ लेखकाची परवानगी आणि त्याचे नाव दोन्ही लागतील, आणि ते योग्यच आहे. त्या काळच्या मराठी पुस्तक व्यवहारात याचा फारसा विचार होत नसे, एवढे खरे. रूपांतराची आपली परंपरा मोठी आहे. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ मूळचे फ्रेंच मोलिएरचे, इंग्रजीतून फिरून आलेले. पुलंची ‘ती फुलराणी’ शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची. ही नाटके आपण आपलीच मानतो, आणि त्यांची मुळे सांगताना कुणाला संकोच होत नाही. धारपांबाबतही मूळ उघड सांगावे आणि मग त्यांचे काय ते श्रेय त्यांना मोजून द्यावे.

दुसऱ्या प्रश्नाशी मात्र धारपांचे खरे काम सुरू होते. ‘लुचाई’चेच पाहू. रक्तपिपासूची गोष्ट जगभर नेली ती ब्रॅम स्टोकर या आयरिश माणसाने १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’त. स्टोकर आधी डब्लिनमध्ये सरकारी कारकून होता, पुढे लंडनच्या एका नाटकगृहाचा व्यवस्थापक झाला. हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळून उरलेल्या वेळात तो लिहीत असे. माझ्यासारख्या माणसाला तो लगेच जवळचा वाटतो. किंग एकेकाळी शाळेत ‘ड्रॅक्युला’ शिकवत होता. तो काउंट आजच्या अमेरिकेतल्या लहानशा गावात आला तर काय होईल, या विचारातून ‘सेलम्स लॉट’ निघाली. म्हणजे किंगच्या डोक्यावरही कर्ज होतेच, आणि ते त्याने मोकळेपणी मान्य केले आहे.

पण हा रक्तपिपासू मराठीत आणायचा तर मोठी अडचण आहे. तो थडग्यातून उठतो. आपल्याकडे बहुतेक घरांत माणसाचे दहन होते. उठायला देहच शिल्लक राहत नाही. म्हणून आपली भुते बिनदेहाची. ती झाडावर राहतात, नाहीतर दुसऱ्याच्या अंगात येतात. शिवाय तिकडचा रक्तपिपासू क्रूस पाहून मागे सरतो. पुण्यातल्या किंवा सांगलीतल्या हिंदू घरात क्रूस आणायचा कुठून? आमच्या वसईत ही अडचण कमी आहे. इथे वाड्यावाड्यांच्या नाक्यावर पांढरे क्रूस उभे आहेत. मेणबत्त्या लागतात, ओल्या फुलांच्या माळा पडतात. माझ्या वर्गातला एक ख्रिस्ती मित्र अंधार पडल्यावर आमच्या पिंपळाखालून जायला घाबरायचा आणि मी त्याच्या वाडीजवळच्या दफनभूमीवरून जायला घाबरायचो. एकमेकांच्या भुतांना भिण्यात आम्ही सेक्युलर होतो. पण सगळा महाराष्ट्र वसईसारखा नाही. तिथल्या वाचकाला पटेल असे गाव, पटतील अशी माणसे, दिवेलागणीच्या वेळेला पटेल असे भय आणि पटेल असा उतारा, हे सगळे धारपांना नव्याने घडवावे लागले. पुस्तक वाचताना अमेरिका आठवत नाही, यातच त्यांचे कसब आले.

आणखी एक गंमत सांगायला हवी. आपला वेताळ इंग्रजीत नेला तो रिचर्ड बर्टन याने, १८७० मध्ये. बर्टन मुंबई इलाख्याच्या सैन्यात नोकरी करून गेलेला. या बर्टनची आणि स्टोकरची चांगली ओळख होती. वेताळापासून ड्रॅक्युलापर्यंत सरळ वंशावळ लावण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण गोष्टी कुणाच्या पासपोर्टवर प्रवास करत नाहीत, एवढे यावरून दिसते. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’त उलटे लटकलेले प्रेत कुठे, अमेरिकेतले गाव कुठे आणि पुण्यातले लेखकाचे टेबल कुठे. कुणी कुणाचे किती देणे लागतो याचा ताळेबंद जुळता जुळत नाही.

धारपांनी भयकथाच लिहिल्या असे नव्हे. विज्ञानकथाही पुष्कळ लिहिल्या. ‘नेनचिम’सारखी त्यांची विज्ञान कादंबरी आवडीने वाचणारे वाचक आजही भेटतात. मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा आली ती जयंत नारळीकरांमुळे. त्यांनीही १९७४ मध्ये आपली पहिली कथा स्पर्धेला वेगळ्या नावाने पाठवली होती. या प्रतिष्ठेत धारपांना फारसा वाटा मिळाला नाही. भयकथेकडे तर समीक्षेने पाहिलेच नाही म्हटले तरी चालेल. पुढे रत्नाकर मतकरींच्या गूढकथांना वाङ्मयीन मान मिळाला, तो मिळायलाच हवा होता. धारप मात्र वाचनालयातल्या शेवटच्या कपाटात राहिले. त्या कपाटाची एक खूण असे. तिथली पुस्तके सगळ्यांत जास्त फाटलेली असत. बांधणी दोनदा केलेली, पाने हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली आणि तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी भरून तिला दुसरी चिकटवलेली. मराठी पुस्तकाला याहून चांगले प्रमाणपत्र मिळते का, मला शंका आहे.

आता थोडे माझ्याविषयी, कारण त्याशिवाय पुढचे सांगता येत नाही. मध्ये काही वर्षे मी धारप वाचणे सोडून दिले होते.

१९८० नंतर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. मी एका आडगावच्या शाखेत नवा अधिकारी होतो. कर्जातून घेतलेली जनावरे जागेवर आहेत की नाहीत हे पाहत सायकलवर हिंडायचे, हे काम. एका वस्तीवर गेलो तर म्हैस गोठ्यात नव्हती. माणूस तिशीतला, नजर खाली. बायको बाळंतपणात गेली होती. वस्तीवर बोलणे सुरू झाले की ती हडळ होऊन बाळाकडे येते, म्हणून बाळाचा ताप उतरत नाही. भगताने उतारा सांगितला, कोंबडी सांगितली, मग बोकड सांगितला, मग रोख रक्कम. म्हैस विकली गेली होती. मी खाली मान घालून अहवालात जनावर जागेवर नाही असे लिहिले. नियमाप्रमाणे वसुलीची नोटीस काढली. बाळ कुठे आहे, दवाखान्यात नेले का, हे मी विचारले नाही. पुढच्या फेरीला कळले की बाळ गेले.

त्या रात्री भाड्याच्या खोलीत उशाशी धारपांचे पुस्तक होते. ते मी उघडले नाही. ज्या भीतीची मी गंमत म्हणून भाड्याने आणत होतो, ती दोन मैलांवर कुणाच्या तरी घरातले मूल खाऊन बसली होती. हे लेखक अशाच अंधाराला खतपाणी घालतात, असे मला तेव्हा वाटले. आजही हा आक्षेप घेणारे लोक आहेत, आणि त्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. ज्या पुण्यात धारप लिहीत होते, त्याच पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. महाराष्ट्रात भुताचा विषय निव्वळ करमणुकीचा नाही.

मी धारपांकडे परत आलो तो आई गेल्यानंतर. तेरावे झाले, पाहुणे गेले, घर रिकामे झाले. रात्री झोप येईना. विहिरीवरची कप्पी वाऱ्याने वाजली तरी आई पाणी काढते आहे असे वाटे. तिची भीती वाटत नव्हती. ती नाही याची वाटत होती. कपाटात हाताला ‘अनोळखी दिशा’ लागले. सुरू केले आणि पहाटेपर्यंत वाचत राहिलो. भ्यालो, चांगला भ्यालो. आणि कितीतरी दिवसांनी मला झोप लागली.

तेव्हा त्या दोन भीतींमधला फरक कळला. भगताची भीती संपत नाही. ती संपली तर त्याचा धंदा बुडेल, म्हणून तो कोंबडीवरून बोकडावर आणि बोकडावरून म्हशीवर जातो. पुस्तकाच्या भीतीला शेवटचे पान असते. ती आपण स्वतः निवडून आणतो, दोन दिवस ठेवतो आणि शिक्का मारून परत करतो. मधल्या काळात आपल्या मनातली एखादी खरी, नाव नसलेली भीती तिच्या पदराआड उभी राहून थोडी मोकळी होते. शहाण्यासुरत्या माणसांना हौसेने घाबरावेसे वाटते, त्याचे कारण बहुधा हेच असावे. माझा अपराध पुस्तक वाचण्याचा नव्हता. बाळाची चौकशी न करण्याचा होता. तो मी धारपांच्या नावे टाकून मोकळा झालो होतो, एवढेच.

धारप १८ ऑगस्ट २००८ रोजी गेले. ८३ वा वाढदिवस नऊ दिवसांवर आला होता. तोवर वाचनालये ओस पडू लागली होती. घराघरांत दूरचित्रवाणीच्या मालिका रात्रीचे नऊ वाजवत होत्या. आता धारप कोण वाचणार, असे वाटण्याजोगा काळ होता. पण नव्या आवृत्त्या निघाल्या, नवी मुखपृष्ठे आली आणि ज्यांच्या आजोबांनी कंदिलाशी वाचले त्यांची नातवंडे मोबाइलच्या उजेडात तीच पुस्तके वाचू लागली.

आणि मग आला ‘तुंबाड’. त्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव. शाळकरी वयात, १९९३ मध्ये, नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना रात्री धारपांची एक गोष्ट सांगितली. पुस्तक हातात नव्हते, नुसती तोंडी गोष्ट. ती गोष्ट ‘आजी’. ती त्या मुलाच्या मनातून गेली नाही. १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी चित्रपटाचा पहिला खर्डा लिहिला. नाव घेतले श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. निर्माते आले आणि गेले, चित्रीकरण झाले आणि पुष्कळसे पुन्हा करावे लागले. शेवटी २०१८ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाचा पडदा याच चित्रपटाने उघडला. तो मान मिळालेला हा पहिला भारतीय चित्रपट. १२ ऑक्टोबर २०१८ ला तो आपल्याकडे लागला तेव्हा चित्रपटगृहे फार भरली नाहीत. पण लोक त्याविषयी बोलत राहिले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला झाला.

हा चित्रपट पाहिलेल्यांना त्यातला पाऊस आठवत असेल. जुना वाडा, साखळीने बांधलेली म्हातारी, आणि सोन्याच्या मोहरांसाठी पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा पुन्हा खाली उतरणारी माणसे. चित्रपटाची पुष्कळशी कथा बर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची स्वतःची आहे. पण त्या म्हातारीच्या खोलीच्या दाराशी जेवणाची थाळी घेऊन उभ्या राहिलेल्या पोराच्या पायांतला कंप धारपांच्या गोष्टीतून आलेला आहे.

आता हिशेब करा. एका अमेरिकन लेखकाची कथा. ती वाचून पुण्यातल्या लेखकाने लिहिलेली मराठी कथा. ती ऐकून नागझिऱ्याच्या जंगलात घाबरलेला एक मुलगा. आणि पंचवीस वर्षांनी व्हेनिसच्या पडद्यावर कोकणातला पाऊस. धारपांनी उसने आणले होते, खरे आहे. पण ते त्यांनी तिजोरीत ठेवले नाही, फिरवले. आमच्या धंद्यात बुडीत कर्ज कशाला म्हणतात आणि कशाला नाही, हे मला तरी नीट समजते.

आमची वाडी आता राहिलेली नाही. केळीच्या बागेच्या जागी चार इमारती आहेत आणि विहिरीवर लोखंडी जाळी टाकून झाकण बसवले आहे. पिंपळ मात्र सोसायटीने ठेवला. तोडायला कुणी माणूस मिळेना, असे म्हणतात. मागच्या पावसाळ्यात वीज गेली तेव्हा शाळेत जाणारी नात माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने भुताची गोष्ट मागितली. सुनेने डोळे वटारले. मी धारपांची एक गोष्ट आठवेल तशी सांगायला घेतली. अर्ध्यावर वीज आली. नातीने उठून दिवा बंद केला आणि पुढे सांगायला लावले.

गोष्ट संपल्यावर तिला मोरीपर्यंत सोबत लागली. मी बॅटरी घेऊन गेलो.